दोन वरपक्ष आणि एक बेट

आमच्या घराण्यातली आजवरची सगळी लग्नं मंगल कार्यालयात झाली. फरक एवढाच, की काही कार्यालयांत पंखे चालत होते आणि काहींत नुसतेच टांगलेले होते. जिलबी करायची की श्रीखंड, यापलीकडे आमच्या कल्पनाशक्तीला कुणी कधी ताण दिला नव्हता. त्यामुळे भाच्यानं बंगळूरहून फोन करून "मामा, लग्न बेटावर करायचं म्हणतोय" असं सांगितलं, तेव्हा हे एखाद्या नव्या कार्यालयाचं नाव असावं अशा समजुतीनं मी विचारलं, "पार्किंग आहे का?"

"अहो मामा, बेट! चारी बाजूंनी पाणी!"

"मग पाण्याची तरी चिंता मिटली," मी म्हणालो.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, की माझा भाचा ज्याच्याशी लग्न करतोय तोही मुलगाच आहे. केरळचा. दोघं सात वर्षं एका घरात राहतात. घरात आम्ही पहिली तीन वर्षं त्याला 'रूम पार्टनर' म्हणत होतो. पुढची दोन वर्षं 'तो' म्हणत होतो. मग ताई एकदा त्यांच्याकडे आठ दिवस राहून आली आणि परत आल्यावर मला म्हणाली, "अरे, त्याला मेतकूट आवडतं." त्या दिवसापासून कुणी बंगळूरला निघालं, की त्याच्या पिशवीत अर्धा किलो मेतकूट असतं. नातं कुठलं का असेना, ते मेतकुटानं पक्कं होतं.

राहिले भाऊजी. भाऊजी त्याला काहीच म्हणत नाहीत. ते पेपर वाचतात. भाच्यानं घरात सांगितलं त्या दिवशी त्यांनी जो पेपर तोंडासमोर धरला, तो पाच वर्षांत खाली आला नव्हता. बेटाचा विषय निघाला तेव्हाही पेपर हलला नाही. पान मात्र उलटलं गेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

बँकेत असताना मी एल.टी.सी.वर सगळा भारत पाहिला आहे, म्हणून घरातल्या कुठल्याही प्रवासाची आखणी माझ्याकडे येते. मी प्रथम भाच्याला म्हणालो, की अरे, इथेच काय वाईट आहे? त्यावर त्यानं मला कायदा समजावला. सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं, की प्रौढ माणसांनी आपखुशीनं असं एकत्र असणं हा गुन्हा नाही. इंग्रजांनी १८६० साली लिहून ठेवलेलं ३७७ कलम तेवढ्यापुरतं गेलं. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच कोर्टानं सांगितलं, की लग्नाचं मात्र आमच्या हाती नाही, ते संसदेनं बघावं. म्हणजे प्रेमाला परवानगी आहे, लग्नाला नाही. आमच्या तरुणपणी नेमकं उलटं होतं. लग्नाला सगळ्यांची परवानगी होती, प्रेमाला कुणाची नव्हती.

मी नकाशा उघडला. पहिलं बोट आपसूक अंदमानवर पडलं. "पोराचं लग्न काळ्या पाण्यावर?" ताई कडाडली. लग्न म्हणजे तीच शिक्षा, असं एक वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण सौ. शेजारीच वाटाणे सोलत बसली होती.

मालदीवचं पत्रक फार देखणं. पांढऱ्या वाळूत दोन खुर्च्या, वर माड. पण त्या खुर्च्यांवर एक बाई आणि एक बुवा यांनीच बसायचं. दोन बुवा बसले तर तिथे कायद्यानं गुन्हा. श्रीलंकेतही इंग्रजांनी ठेवलेलं कलम अजून नांदतं आहे. मारुतीरायानं लंका जाळली ती इंग्रज यायच्या फार आधी. जरा थांबून जाळली असती तर तेही कलम त्यात गेलं असतं. सिंगापूरच्या संसदेनं २०२२ साली असलं कलम काढून टाकलं आणि त्याच वेळी लग्नाच्या व्याख्येला कोर्टात कुणी हात लावू नये, अशी घटनेत सोय करून ठेवली. एका हातानं पाट मांडायचा आणि दुसऱ्या हातानं ताट उचलायचं!

माझा खरा जीव अडकला तो मॉरिशसमध्ये. तिथे आपली माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून जी मंडळी ऊसमळ्यांवर मजुरीला गेली त्यांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. म्हणजे भटजी मिळणार, मोदक मिळणार. तिथल्या सुप्रीम कोर्टानं ४ ऑक्टोबर २०२३ रोजी जुनं कलम मोडीतही काढलं. पण लग्न? ते नाही. आणि गंमत बघा, शेजारचं रीयुनियन बेट फ्रान्सच्या ताब्यातलं, त्यामुळे फ्रान्सचा २०१३ चा कायदा तिथे लागू. तिथे लग्न लागतं, पण आधी दोघांपैकी एकानं महिनाभर मुक्काम करायचा. म्हणजे एका बेटावर भटजी, दुसऱ्या बेटावर रजिस्ट्रार आणि मध्ये दोनेकशे किलोमीटरचा समुद्र. अंतरपाट कितीही लांब म्हटला तरी त्याला काही मर्यादा!

हवाई बेटांवर तर २ डिसेंबर २०१३ पासून सगळी मोकळीक आहे. राहण्याची अट नाही. ६५ डॉलर भरा, परवाना घ्या. पण अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख ताईला, भाऊजींना, मला आणि सौ.ला मिळेपर्यंत माझ्या नातवाची मुंज होऊन जाईल. नातू आत्ता दीड वर्षाचा आहे.

शेवटी थायलंड निघालं. तिथे २३ जानेवारी २०२५ पासून कायदाच बदलला. पुस्तकातले 'नवरा' आणि 'बायको' हे शब्द काढले आणि 'जोडीदार' अशा अर्थाचा शब्द घातला. पहिल्याच दिवशी अठराशेवर जोडप्यांनी नोंदणी केली. मी ताईला म्हणालो, "ठरलं. फुकेत."

"फुकट? काय फुकट?"

"फुकट नाही गं, फुकेत. बेटाचं नाव आहे."

"मग नाव तरी नीट ठेवायचं," ताई म्हणाली. हॉटेलचं कोटेशन आल्यावर मलाही ते नाव ठेवणाऱ्याचा हेतू संशयास्पद वाटू लागला.

फुकेत पुलानं मुख्य भूमीला जोडलेलं आहे, हे कळल्यावर ताईचा जीव थोडा खाली पडला. समुद्र मात्र अंदमानचाच. म्हणजे काळं पाणी काही चुकलं नाही, फक्त आम्ही पलीकडच्या काठावर जाणार होतो. हॉटेलातली मुलगी फोनवर म्हणाली, की मे ते ऑक्टोबर दर निम्मे असतात. का असतात ते ताईनं पंचांग न उघडता सांगितलं : "चातुर्मास!" आणि खरंच, जो नैऋत्येचा पाऊस आपल्याकडे देवांना झोपवतो तोच फुकेतला झोडपतो. कोसामुई नावाचं दुसरं बेट पलीकडच्या आखातात आहे. तिथे पाऊस कोसळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमका तुळशीची लग्नं लागली की. ते बेट ताईनं तिथल्या तिथे बाद केलं. मुहूर्त मार्गशीर्षातला निघाला, सकाळी दहा बेचाळीसचा. आता सोलापूरच्या दाते पंचांगातले दहा बेचाळीस म्हणजे फुकेतच्या घड्याळात बारा बारा, कारण ते लोक आपल्यापुढे दीड तास आहेत. जेवणं तिथल्या वेळेनं वाढायची की इथल्या, यावर ताई आणि सौ. यांच्यात अजून एकमत नाही.

पण खरी पंचाईत पुढेच होती. आमच्याकडे लग्न म्हणजे वरपक्षानं रुसायचं आणि वधूपक्षानं मनवायचं. इथे दोन्हीकडे वरपक्ष! रुसणारे भरपूर, मनवायला कुणी नाही. कान कुणी कुणाचा पिळायचा? बूट कुणी कुणाचे लपवायचे? रुखवत मांडायचं तर कुणी? वरमाईचे पाय धुतात म्हणावं, तर दोन वरमाया एकमेकींसमोर पाय पुढे करून बसलेल्या आणि तांब्या धरायला माणूस नाही! दोन्ही आयांची व्हिडिओवर पहिली भेट झाली तेव्हा दोघी मुलाच्या आईच्या रुबाबात ताठ बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नाही, हिला मल्याळम येत नाही. दोन मिनिटं नुसतं हसणं. मग पलीकडून त्या माउलीनं कसलीशी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. ताई पुढे वाकून म्हणाली, "खोबरं!" आणि चाळीस मिनिटं बोलल्या. काय बोलल्या, ते दोघींनाच ठाऊक. हुंडा, मानपान, करणी हे विषय त्या चाळीस मिनिटांत आपोआप निकालात निघाले. वरपक्षानं वरपक्षाकडे काही मागायचं नसतं, हा शोध आमच्या आधीच्या पिढ्यांना लागायला हवा होता.

पत्रिकेत मात्र घोटाळा झाला. मी मजकूर लिहून दिला : चि. अमुक आणि चि. तमुक. छापखानेवाल्यानं प्रूफ पाठवलं त्यात दुसऱ्या नावामागे 'चि. सौ. कां.' होतं. मी फोन केला. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडून राहिलं होतं. मी सुधारून घेतलं." चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यानं अशा किती सौभाग्यकांक्षिणी फुकट घातल्या असतील कोण जाणे. मी त्याला समजावलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दोन्ही चिरंजीव? मग टाईप जरा मोठा घेता येईल. जागा उरते."

हॉटेलवालीनं आणखी एक प्रश्न विचारला होता : लग्न 'लीगल' हवं की 'सिम्बॉलिक'? लीगल म्हणजे वकिलातीचा कागद, त्याचं थाई भाषांतर, त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग तिथल्या तालुका कचेरीत नोंदणी. सिम्बॉलिक म्हणजे नुसते हार. भाचा म्हणाला, "मामा, कागद केला तरी तो इथे चालणार नाही." माझ्या डोळ्यांसमोर ते परतीचं विमान आलं. फुकेतला विवाहित म्हणून चढलेली दोन माणसं अंदमानच्या समुद्रावर कुठल्याशा ढगापाशी पुन्हा अविवाहित होणार आणि हवाईसुंदरी त्यांना विचारणार, चहा की कॉफी.

हे मला रात्रभर पटेना. उद्या एकाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर कागदावर सही कुणी करायची? 'पेशंटचे कोण?' या प्रश्नाला सात वर्षं एकत्र राहिलेल्या माणसानं काय उत्तर द्यायचं, मेतकूट? सकाळी उठून मी माझ्या परीनं शोध घेतला. निघालं ते असं : २०२४ साली केंद्र सरकारनं कळवलंय, की अशा जोडप्यांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावं आणि बँकेत त्यांना जोडखातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. बायको म्हणून नाव नाही, पण साखर एकत्र. मला मात्र हायसं वाटलं. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. सप्तपदीतली वचनं पाळलेली मी क्वचित पाहिली. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' हे एकच वचन पाळलेलं रोज पाहिलं. मी भाच्याला फोन केला, "बेटाचं नंतर बघू. आधी दोघं बँकेत जा."

"मामा, ते आम्ही मागच्या वर्षीच केलं," तो म्हणाला. भाचा कुणाचा!

सगळी तिकिटं काढायची म्हणून मी पासपोर्ट गोळा करायला बसलो. सहा महिन्यांहून जास्त मुदत शिल्लक हवी. ताईचा ठीक होता. भाऊजींचा संपलेला. मी जाणूनबुजून तो टेबलावर पेपरशेजारी ठेवून आलो आणि काही बोललो नाही. त्यांच्याशी या विषयावर बोलायचं नाही, हे घरात कुणी न ठरवता ठरलेलं होतं. ताईनं त्यांचं तिकीट धरू की नको, हे मला विचारलं नाही आणि मीही तिला विचारलं नाही. आमच्या बजेटात तो आकडा पेन्सिलीनं लिहिलेला होता.

तीन आठवड्यांनी मी सहज गेलो तर दारात पोलीस. माझ्या पोटात गोळा आला. पण तो पासपोर्टच्या चौकशीसाठी आला होता. भाऊजींनी कुणाला न सांगता अर्ज भरला होता, फोटोसुद्धा नवा काढला होता. पेपर घडी घालून टीपॉयवर ठेवलेला.

"कुठे परदेशी निघालात आजोबा?" पोलिसानं चहा घेता घेता विचारलं.

"मुलाचं लग्न आहे," भाऊजी म्हणाले.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला.

"अरे वा! सूनबाई कुठल्या?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग सावकाश म्हणाले, "केरळचे."

'केरळच्या' आणि 'केरळचे' यांतला फरक पोलिसाच्या कानात शिरला की नाही, देव जाणे. त्यानं बशीतला उरलेला चहा संपवला, "लांबचं स्थळ काढलंत," म्हणाला आणि सही घेऊन गेला.

भाऊजींनी पुन्हा पेपर उचलला. बऱ्याच वेळानं त्यामागून आवाज आला.

"तुझ्या त्या बेटावर फेटे बांधणारा मिळतो का?"

"नाही मिळत."

"मग इथूनच एक माणूस न्यावा लागेल," ते म्हणाले. "त्याचा पासपोर्ट आहे का, विचारून ठेव."