तळहातावरचा जीव

मांजराचे पिल्लू जन्माला येते, तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे असे बळ जवळजवळ नसतेच. डोळे घट्ट मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पाय अंग पेलण्यास असमर्थ. आणि वजन म्हणाल तर सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या दोन अंड्यांइतके. दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांनी भक्तीचे स्वरूप सांगताना याच पिल्लाचा दृष्टान्त घेतला आहे. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून राहते. त्याला मर्कटन्याय म्हणतात. मांजराचे पिल्लू मात्र काहीच धरीत नाही. आईच त्याला तोंडात धरून नेते. हा झाला मार्जारन्याय. आपला सारा भार दुसऱ्यावर टाकून निश्चिंत होणे, असा त्याचा भाव. परंतु ज्याची आईच नाहीशी झाली, त्या पिल्लाने आपला भार कोणावर टाकावा?

कोकणातल्या एका घरापुढे आषाढातल्या एका सकाळी हाच प्रश्न उभा राहिला. मागच्या पडवीत रचलेल्या लाकडांच्या आडोशाला दोन पिल्ले क्षीण स्वरात ओरडत होती. एक काळे, दुसरे पांढऱ्यावर करड्या ठिपक्यांचे. नाळेचा वाळलेला तुकडा अजून त्यांच्या पोटाला होता. म्हणजे जन्मून दोन-तीन दिवसच झाले असावेत. सहावीत शिकणारी नात त्यांना उचलण्यासाठी वाकली, तोच आजीने तिला अडवले.

“अगं, थांब. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. एकेक उचलून नेत असेल. आपण जवळ उभे राहिलो, तर ती यायची नाही.”

दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहिल्या. पाऊस कोसळत होता. मांजर आली नाही. ओरडणे हळूहळू मंदावले. शेवटी आजीने जाऊन पिल्लांना हात लावला, तो ती गार पडलेली. इतक्यात शेजारचा मुलगा सांगत आला, की रात्री मोठ्या रस्त्यावर एक करडी मांजर वाहनाखाली सापडली. आता वाट पाहण्याजोगे काही उरले नव्हते.

नात वाटीत गाईचे दूध घेऊन धावली. आजीने मात्र आधी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात दूरध्वनी लावला. डॉक्टरांनी सांगितले, “आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आणि गाईचे दूध देऊ नका. त्याने जुलाब होतात. मांजरीच्या दुधात त्याहून अधिक स्निग्धांश आणि प्रथिने असतात. पिल्लांसाठी दुधाची वेगळी भुकटी मिळते, ती आणा.” पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला आपल्या अंगाची ऊब राखता येत नाही, हे त्या घराला त्या दिवशी कळले. एका खोक्यात जुन्या गोधडीचा तुकडा अंथरला गेला. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवली. दुसरी कडा मोकळी ठेवली, म्हणजे फार ऊन लागले तर पिल्लाला सरकता यावे. वडील पावसातच दुचाकीवरून जाऊन भुकटी घेऊन आले.

दूध पाजणे हेही सोपे नव्हते. तान्ह्या मुलाप्रमाणे पिल्लाला उताणे धरायचे नाही. दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्याला पोटावरच ठेवून, सुई नसलेल्या पिचकारीने कोमट दूध थेंब थेंब द्यायचे. दर दोन-तीन तासांनी, आणि रात्रीसुद्धा. घरात पाळ्या लागल्या. रात्री दहाची आणि पहाटे पाचची पाळी नातीने मागून घेतली.

दुधानंतरचे काम तिला नकोसे वाटे. इतक्या लहान पिल्लाला आपणहून मलमूत्र करता येत नाही. मांजरी चाटून चाटून ते करविते. तेच काम कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळुवार चोळून करावे लागे. नातीने नाक मुरडले, तेव्हा आजी हसून म्हणाली, “तुझ्या बाबाची दुपटी कोण धूत होतं गं?” त्यानंतर नातीने तक्रार केली नाही. मात्र पिल्लांना हाताळण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुण्याचा नियम आजीने कोणालाही मोडू दिला नाही.

पिल्लू वाढते आहे की नाही, हे डोळ्यांना लवकर दिसत नाही, काट्याला दिसते. धडधाकट पिल्लाचे वजन दररोज सुमारे १० ग्रॅमने वाढते. नातीने वहीत दोन रकाने आखले. ठिपक्यांच्या पिल्लाखाली आकडे चढत गेले : १०२, १०९, ११८. काळ्याखाली ते उतरत गेले : ९८, ९७, ९५. डॉक्टरांना पुन्हा विचारले, दूध आणखी थोड्या थोड्या अंतराने दिले, बाटलीतले पाणी वारंवार बदलले. चौथ्या दिवशी पहाटे नातीने खोक्यात हात घातला, तेव्हा काळे पिल्लू निश्चल होते.

ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग तिने विचारले, “आजी, त्या दिवशी आपण थांबलो नसतो तर?”

आजी लगेच बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “ती येते का, हे पाहायलाच हवे होते. आई जिवंत असताना तिचे पिल्लू उचलणे हाही अन्यायच झाला असता. ती येणार नाही, हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते. थांबल्यामुळे ते गेले, की ते जाणारच होते, हे मला सांगता येणार नाही, बाळ.” आणि मग दिव्याकडे वळत ती म्हणाली, “पाच वाजून गेले. दुसऱ्याची दुधाची वेळ झाली.”

नातीने डोळे पुसले, हात धुतले आणि दूध कोमट करण्यास ठेवले. उजाडल्यावर परसातल्या पेरूच्या झाडाखाली काळ्या पिल्लाला पुरले. वहीतला त्याचा रकाना तिने खोडला नाही. शेवटच्या आकड्याखाली एक आडवी रेघ तेवढी ओढली.

पुढच्या आठवड्यात ठिपक्यांच्या पिल्लाचे डोळे उघडले. ते निळे होते. मांजराच्या सर्वच पिल्लांचे डोळे आरंभी निळे असतात. खरा रंग मागाहून येतो. तिसऱ्या आठवड्यात ते लटपटत उभे राहू लागले. हळूहळू कापसाची गरज संपली आणि वाळूने भरलेले पसरट घमेले त्याला पुरे झाले. पाचव्या आठवड्यात ते बशीतले मऊ अन्न चाटू लागले, आणि चेहरा माखून घेऊ लागले. रात्रीच्या पाळ्या थांबल्या, तरी नातीला पहाटे पाचला जाग येतच राहिली.

भाद्रपद लागेपर्यंत पिल्लू पडवीभर हुंदडू लागले. दिव्यावरचे पतंग पकडण्यात ते इतके गुंगे, की नातीने हाक मारली तरी पाहत नसे. याचे तिला प्रथम वाईट वाटले. “मी रात्र रात्र जागले, आणि आता हे माझ्याकडे येतसुद्धा नाही!” ती म्हणाली.

“येईल. दमले की येईल,” आजी म्हणाली. “मांजरीच्या तोंडात उंदीर मारणारे दात असतात, पण त्याच दातांनी ती पिल्लाला असे अलगद धरते, की ओरखडासुद्धा उठत नाही. आणि त्याचे पाय बळकट झाले, की तीच त्याला खाली ठेवते. मग ते उड्या मारीत दूर गेले, तर ती रडत नाही.”

नात काही बोलली नाही. तिने खोक्यातला गोधडीचा तुकडा धुऊन उन्हात वाळत घातला. तीन महिने पूर्ण झाले, की पिल्लाला रेबीजची लस टोचायची होती. तो दिवस तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवला. मग वही उघडून तिने शेवटची नोंद केली :

“८४० ग्रॅम. आजपासून वजन करणे बंद. काट्यावर बसतच नाही.”