टपावरची सायकल

सायकलस्वार आपल्या सफरींचा हिशेब पहिल्या पायडलपासून मांडतात. किती किलोमीटर, किती चढ, किती तास. मला माझा हिशेब तसा मांडता येत नाही. जिथून माझी सफर सुरू व्हायची तिथवर मला आणि माझ्या सायकलीला कुणीतरी आणून सोडलेलं असायचं. त्या माणसांना वगळून मी कुठलाही आकडा सांगितला, तर तो अर्धाच ठरेल.

भोसरीच्या एका लहानशा वर्कशॉपात मी हिशेबाचं काम करते. इथे एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. पुण्यातले सायकल ग्रुप रविवारी निघतात, म्हणून मला त्यांची सोबत कधी मिळाली नाही. हाताशी एक दिवस, फार तर त्याला जोडून शुक्रवारची रजा. पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर, वाटेत कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट. घरातून सायकलवर निघाले असते, तर सुट्टी वर पोचण्यातच संपली असती आणि शुक्रवारी परतीचा चढउतार. मला तर पुढं जायचं होतं. क्षेत्र महाबळेश्वराच्या देवळात उगम सांगितल्या जाणाऱ्या नद्यांपैकी कृष्णा, कोयना, वेण्णा देशाकडे वळतात. सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला कोकणात उतरते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या उगमापासून मुखापर्यंत तिच्या संगतीनं सायकल चालवायची, एवढं एकच वेड बरीच वर्षं डोक्यात होतं. ते एसटीनं पुरं केलं.

पहिल्या खेपेला पहाटे स्वारगेटच्या फलाटावर सायकल धरून उभी होते. महाबळेश्वरची गाडी लागली आणि कंडक्टर उतरले. पन्नाशीकडे झुकलेले, खाकी कपडे, काखेत तिकिटांची पेटी. यंत्रं तेव्हा अजून यायची होती. सायकल नेता का, असं विचारल्यावर ते काही बोलले नाहीत. मागच्या चाकाशी वाकून गिअरची ती लोंबती कमान त्यांनी बोटानं हलवून पाहिली.

"ही बाजू वर ठेवावी लागेल, नाही का? खाली दाबली गेली तर वाकेल."

मला सायकल विकणाऱ्या दुकानदारानंही हे सांगितलं नव्हतं.

मी सुतळीचं बंडल पुढं केलं. "सुतळी नको, ताई. घाटात हिसके बसले की ती सैल पडते. ट्यूब पाहिजे, ती ताण धरते." ड्रायव्हर मामांनी आपल्या सीटखालून जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या काढून दिल्या. कंडक्टर मास्तर मागच्या शिडीनं टपावर चढले, मी आणि एका हमालानं सायकल खालून वर दिली. त्यांनी आधी रिकामं पोतं पसरलं, त्यावर गिअरची बाजू वर करून सायकल आडवी केली. हँडल वळवलं, पुढचं चाक फ्रेमलाच बांधलं, म्हणजे ते फिरून आपटणार नाही. खालचं पायडल कॅरिअरच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसवलं. मग तीन ठिकाणी ट्यूब ओढून गाठी मारल्या आणि सायकलीला धरून टप हलेल इतक्या जोरानं हिसका दिला. सायकल जागची हलली नाही. खाली येऊन हात झटकले, माझं तिकीट दिलं, सामानाचं तिकीट फाडून चिमट्यानं टोचून हातात ठेवलं. उपकार केल्याचा लवलेश त्या चेहऱ्यावर नव्हता. गाडीत चढलेलं माणूस आणि त्याचं सामान उतरायच्या ठिकाणी धड उतरलं पाहिजे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

वाईला गाडी थांबली. सगळे चहाला उतरले. मास्तरही उतरले, पण कँटीनकडे न जाता पुन्हा शिडीकडे वळले. पसरणीची वळणं सुरू व्हायच्या आत त्यांना गाठी तपासायच्या होत्या. एक पट्टी सोडून त्यांनी पुन्हा आवळली. ते खाली येईतो कंट्रोलरनं वेळ झाल्याची आठवण केली आणि मास्तर चहा न घेताच डबल बेल देऊन मोकळे झाले. तो राहून गेलेला चहा मी पुढं कितीतरी वेळा पाजायचा प्रयत्न केला. ड्युटीवर प्रवाशाचा चहा नको, म्हणून त्यांनी तो कधी घेतला नाही.

महाबळेश्वरला सायकल उतरवल्यावर त्यांनी स्वतः दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. "चाळीस किलोमीटर उतार आहे. दाबून धरू नका, सोडत सोडत दाबा. रिम तापते." मग माझ्या तिकिटाच्या मागं पेनानं महाडहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहून दिल्या आणि त्यातल्या एका वेळेवर फुली मारली. "ही कधी येते, कधी नाही. हिच्या भरवशावर राहू नका." ते तिकीट आता पिवळं पडलंय, शाई फिकटलीय, पण मी ते फेकलेलं नाही.

आंबेनळी घाट मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरले. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर, आणि पोलादपूर पार तळाला. प्रतापगडाकडे जाणाऱ्या फाट्यावर थांबून रिमला हात लावला, तर चटका बसला. तिथून पुढं प्रत्येक वळणाला हवा बदलत जाते. वरची कोरडी गार झुळूक मागं राहते आणि दमट, उष्ण, ओल्या पाचोळ्याच्या वासाची कोकणातली हवा अंगाला चिकटायला लागते. जीपमध्ये किंवा गाडीत बसून हे समजत नाही. आणि घरापासून तीन घाट चढून आलेल्या माणसालाही समजलं नसतं, कारण त्याचं सगळं लक्ष आपल्या मांड्यांकडे लागलेलं असतं. मी ताज्या पायांनी आणि ताज्या मनानं उतरत होते. तो ताजेपणा मला त्या गाडीनं दिला होता.

पुढं जाणंयेणं वाढलं तसं समजत गेलं की एसटीचं जाळं वेळापत्रकावर दिसतं त्याहून बरंच मोठं आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी धावली, तेव्हापासून डेपोडेपोंतली माणसं एकमेकांना ओळखत, निरोप पोचवत आली आहेत. एका खेपेला मास्तरांनी महाडच्या कुणा कंडक्टरला माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं. संध्याकाळी मी महाड स्टँडवर पोचले, तर तो तरुण पोरगा स्वतःहून पुढं आला. "सायकलवाल्या ताई ना? वस्तीची गाडी आहे माझी. खाडीकडे जाते. रात्री तिकडं पोचाल, पहाटे तिथूनच निघा."

वस्तीची गाडी शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. ती रात्री शेवटच्या गावी जाऊन मुक्काम करते आणि पहाटे दूधवाले, शाळा-कॉलेजची पोरं, बाजारला जाणाऱ्या बाया यांना घेऊन परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. सायकलस्वाराला तिच्याइतकी सोयीची गाडी नाही, कारण ती बरोबर तिथं नेऊन ठेवते जिथून मोठा रस्ता संपून खरा रस्ता सुरू होतो. पण रात्री अनोळखी गावात उतरणारी एकटी बाई राहणार कुठं, हा प्रश्न वेळापत्रक सोडवत नाही. तो त्या पोरानं सोडवला. ज्या घरी त्या दोघांचं जेवण व्हायचं, त्या घरच्या आजींना त्यानं ओट्यावरूनच हाक मारली. "आजी, आज एक ताई आहेत. तुमच्याजवळ झोपतील." आजींनी माझं नाव, गाव, जात काही विचारलं नाही. पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी वाढली. दोघं देवळाच्या ओसरीवर झोपायला गेले, आणि मी आजींच्या शेजारी अंथरलेल्या गोधडीवर.

पहाटे गाडी सुरू झाल्याच्या आवाजानं जाग आली. आजी माझ्याआधी उठल्या होत्या. दोन भाकऱ्या फडक्यात बांधून त्यांनी सायकलीच्या कॅरिअरला स्वतः अडकवल्या. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, "गाडी गावात येते म्हणून आमची नातवंडं शिकली गो. गाडीतून आलं ते आमचंच."

त्या दिवशी वेसवीला फेरीबोटीत चढले. बोटीवरच्या पोरानं मोटरसायकलींच्या मधे सायकल कठड्याला टेकवून तिच्या चाकाखाली लाकडाचा तुकडा सरकवला. समोर बागमांडला, पलीकडे हरिहरेश्वर, आणि मधे सावित्रीचं रुंद, खारट झालेलं पाणी. महाबळेश्वरच्या देवळात गोमुखातून बोटभर धारेनं पडणारी नदी ती हीच.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच सावित्रीच्या पुरात महाडजवळचा जुना दगडी पूल वाहून गेला. त्याच्याबरोबर जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या गेल्या. सकाळी बातमी ऐकली आणि मास्तरांना फोन लावला. त्यांचा डेपो वेगळा, त्यांची गाडी त्या वाटेची नव्हे, हे मला माहीत होतं, तरी हात थरथरत होते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्रीचा पाऊस, ताई. ड्रायव्हरला पुढं रस्ता आहे असंच वाटलं असणार. कायम तसंच तर वाटतं." तिथं नवा पूल पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, खुला झाला. तो मी सायकलवरून ओलांडत नाही. उतरते आणि चालत जाते. त्या गाड्यांत माझ्यासारखी माणसं होती आणि मला पोचवणाऱ्यांसारखीही.

सायकलवाल्यांच्या गप्पांत "स्वबळावर" हा शब्द फार येतो. चारचाकीच्या मागं स्टँड लावून सायकली नेणारेही तो वापरतात. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांना आठवड्यात एकच दिवस मिळतो, त्यांना कोकण, ताम्हिणी, जव्हार, भंडारदरा हे सगळं फक्त एसटी आणि रेल्वेच्या जोरावर उघडं होतं, आणि म्हणून ही सोय कुणा मास्तरांच्या भलेपणावर सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. काही नव्या गाड्यांना टपावर कॅरिअर नाही, शिडी नाही. पुढचं चाक काढून मागच्या डिकीत सायकल बसवावी लागते आणि डिकी भरलेली असली तर दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागते. प्रत्येक गाडीच्या मागं दोन सायकलींपुरता हूक बसवला, तर खेड्यातल्या शाळकरी पोरींचीही सोय होईल. त्यांना फाट्यापासून शाळा गाठायची असते आणि सायकल घरी राहते.

पुण्यात मात्र एक चांगली गोष्ट झाली. मेट्रोत सायकल नेता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत आली, तेव्हापासून मी नाशिक फाट्याच्या स्टेशनावर लिफ्टनं सायकल वर नेते आणि डब्यात तिला धरून उभी राहते. स्वारगेटपर्यंतचा तो शहरातला, ट्रकांच्या मधून जाणारा पट्टा आता टळतो.

मास्तर निवृत्त होऊन वाईला राहतात. मेट्रोतून पहिल्यांदा सायकल नेली त्या दिवशी त्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "डब्यात बांधायला काही आहे का, की हातानंच धरायची?" हातानंच, म्हटलं. "मग ट्यूब बरोबर ठेवा. आणि पुढं कुठली गाडी धरणार?" मी वेळ सांगितली. ती वाईला किती वाजता पोचते ते त्यांनी मलाच सांगितलं, आणि म्हणाले की स्टँडवर येतो, दहा मिनिटं थांबते ती, आता माझी ड्युटी नाही, तेव्हा चहा तुम्ही पाजा.