तुमच्या लोकांचं कुणाला?

निवडणुकीची ड्यूटी लागली की आम्हां शिक्षकांना प्रशिक्षणाला जावे लागते. यंत्र कसे जोडायचे, शाई कोणत्या बोटाला लावायची, हे सगळे पुन्हा एकदा ऐकायचे. चहाच्या सुट्टीत मराठी शाळेतले एखादे गुरुजी जवळ येतात. माणूस मनाने चांगला, वर्षानुवर्षांची ओळख. हळूच विचारतात, "काय सर, या वेळी तुमच्या लोकांचं कुणाला?"

आम्ही हसून वेळ मारून नेतो. प्रश्न मात्र बोचतो. आम्ही जणू माणसे नाही, दोरीने बांधलेला गठ्ठा आहोत! पण प्रामाणिकपणे सांगायचे तर हाच प्रश्न एकदा आम्हीही विचारला होता, आणि तोही आपल्याच माणसाला.

गोष्ट 2016 सालची. आम्ही तिघे तेव्हा शिक्षणसेवक होतो. तुटपुंजे मानधन, उर्दू शाळा आणि भाड्याची एक खोली. आमच्यातल्या एकाचे खालाजाद भाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नला राहतात. आम्ही सगळेच त्यांना भाईजान म्हणतो. डिअरबॉर्न हे फोर्ड मोटारींचे गाव. लेबनॉन, येमेन, इराकमधून आलेले अरब तिथे मोठ्या संख्येने आहेत.

आपल्याकडे पक्षाचे तिकीट मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरते. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होते आणि त्यात सामान्य मतदार मत देतो. त्याआधी इच्छुक उमेदवार लोकांसमोर उभे राहून वाद घालतात. त्याला तिथे डिबेट म्हणतात. डेमोक्रॅटिक पक्षाचे असे एक डिबेट 6 मार्चच्या रात्री मिशिगनमधल्याच फ्लिंट शहरात झाले. आपल्याकडे तेव्हा 7 मार्चची सकाळ होती, महाशिवरात्रीची सुट्टी. फजरची नमाज आटोपून आम्ही घरमालकांच्या टीव्हीसमोर बसलो. हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स समोरासमोर होते.

फ्लिंटचे दुखणे पाण्याचे होते. पैसे वाचवण्यासाठी 2014 साली शहराचा पाणीपुरवठा बदलून नदीचे पाणी घेतले गेले. त्यावर आवश्यक ती प्रक्रिया झाली नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले आणि ते लेकरांच्या पोटात गेले. डिबेटमध्ये एका आईने उभे राहून विचारले : पहिल्या शंभर दिवसांत देशभरातले शिशाचे नळ काढायला लावाल, असे वचन देता का?

बी.एड.ला सूक्ष्मपाठात आम्हाला प्रश्नकौशल्य शिकवले होते. प्रश्न नेमका हवा, त्यातच उत्तर दडलेले नको. त्या आईचा प्रश्न तसा होता. सँडर्स यांनी देशातले सगळे पाणी तपासून लोकांना खरे सांगण्याचे वचन दिले. क्लिंटन यांनी पाच वर्षांत शिसे हटवण्याची हमी दिली. आईने मागितले होते शंभर दिवस. क्लिंटन यांच्या उत्तरावर ती नाराज झाली आणि तिने ते नंतर उघडपणे सांगितले. आम्हाला ते फार आवडले. सरकारपुढे उभे राहून बाई हिशेब मागते आणि उत्तर पटले नाही तर तसे तोंडावर सांगते.

पुढे सँडर्स यांना त्यांच्या यहुदी असण्याबद्दल विचारले गेले. ते म्हणाले, यहुदी असल्याचा मला अभिमान आहे, माझ्या वडिलांचे कुटुंब हिटलरने संपवले. लहानपणी आईबरोबर बाजारात गेल्यावर, हातांवर छावणीचे क्रमांक कोरलेली माणसे दुकानांत काम करताना दिसत, हेही त्यांनी सांगितले.

त्या रात्री आम्ही भाईजानना फोन लावला आणि बेधडक बोलून गेलो, "भाईजान, यहुदी आहे म्हटल्यावर आपल्या लोकांचं मत क्लिंटनलाच जाणार ना?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भाईजान म्हणाले, "यहुदी है तो क्या हुआ? इराकवरच्या लढाईला 2002 साली क्लिंटननं हो म्हटलं, त्यानं नाही म्हटलं. माझ्या शेजारी इराकी राहतात, त्यांना हे शिकवावं लागत नाही. कारखान्यातला दोस्त म्हणतो, परदेशाशी केलेल्या करारांनी आमच्या नोकऱ्या गेल्या, हा माणूस त्या करारांविरुद्ध बोलतो. मी त्याला देणार. आणि तुमची भाभी क्लिंटनला देणार आहे. आमच्या एका घरात दोन मतं, मग तुम्ही सगळ्या शहराचं एक मत कसं धरता?"

आम्ही तिघेही गप्प झालो. गठ्ठा म्हटले की आम्हाला राग येतो, आणि इथे गठ्ठा आम्हीच बांधला होता. शिवाय समोरच्याचा धर्म पाहून!

8 मार्चला मतदान झाले. पाहण्यांत क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या. मिशिगन जिंकले सँडर्स यांनी, जेमतेम दीड टक्क्याने. डिअरबॉर्नमध्ये तर ते स्पष्ट पुढे होते.

2024 साली परीक्षा अवघड होती. बायडन अध्यक्ष होते, म्हणून त्यांच्या पक्षाने डिबेट ठेवलेच नाही. गाझात लेकरे मरत होती आणि त्याचा जाब विचारायला मंचच नव्हता. मग 27 फेब्रुवारीला मिशिगनच्या एक लाखाहून अधिक मतदारांनी मतपत्रिकेवर 'कोणाशीही बांधील नाही' या रकान्यात खूण केली. डिअरबॉर्नमध्ये ही मते बायडन यांच्याहून जास्त होती. नोव्हेंबरमध्ये मात्र तिथली मते तीन वाटांनी फुटली. सर्वाधिक गेली ट्रम्प यांना. ज्यांनी डिसेंबर 2015 मध्ये मुसलमानांना अमेरिकेत प्रवेशबंदी करा म्हटले होते, त्यांना.

आम्हाला ते पचले नाही. आजही पचत नाही. पण फोन लावल्यावर "आपल्या लोकांनी असं कसं केलं?" हे शब्द ओठांवर आले तसे आम्ही गिळले. विचारले, "भाईजान, तुम्ही कुणाला दिलंत, आणि का?" ते तासभर बोलले. आम्हाला सगळे पटले नाही, पण आम्ही ऐकून घेतले.

त्याच नोव्हेंबरात आपल्याकडे विधानसभेची निवडणूक होती. प्रशिक्षणात चहाच्या वेळी गुरुजी आले. "काय सर, तुमच्या लोकांचं..."

आम्ही त्यांना पुढे बोलू दिले नाही. विचारले, "गुरुजी, तुमच्या गल्लीत नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?"

"पाचव्या."

"आमच्याही."

गुरुजी क्षणभर थांबले. मग त्यांनी बाकावर सरकून आम्हाला जागा करून दिली.