शाळेचे पत्र आणि घरचा मशवरा

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या हायस्कुलांतून घरोघरी ई-पत्रे जाऊ लागतात. वर 'कुटुंबांसाठी बातम्या' अशा अर्थाचे शीर्षक असते आणि खाली पुढच्या आठवड्याची जंत्री. कोणत्या दिवशी मुलांनी कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, मिरवणूक किती वाजता निघणार, मॅचची तिकिटे कुठे मिळणार, शनिवारच्या नृत्यासाठी दार किती वाजता बंद होणार, देखरेखीला कोणकोणते पालक येऊ शकतील. या सगळ्या गडबडीचे नाव 'होमकमिंग'. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या धाकट्या बहिणीने असे एक पत्र घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले आणि खाली एवढेच लिहिले, "वाचा आणि सांगा. घरात दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नाहीये."

बहिणीची मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. तिकडे हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याच शाळेत बारावीला. मुलीने घरी होमकमिंगचे नाव काढले आणि तिचे अब्बा म्हणाले, "नाही." कशाला नाही, ते त्यांनी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतले.

आम्ही ते पत्र दोनदा वाचले. हा प्रकार काय आहे, हे आधी समजून घ्यावे असे वाटले. होमकमिंग म्हणजे घरी परत येणे. शाळेतून किंवा कॉलेजातून शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा परत यावे, आपल्या संघाची मॅच पाहावी, जुन्या शिक्षकांना भेटावे, ही मूळ कल्पना. 1911 साली मिसूरी विद्यापीठाने आपल्या माजी विद्यार्थ्यांना कॅन्सस विद्यापीठाविरुद्धच्या मॅचसाठी बोलावले, ते पहिले होमकमिंग असे मिसूरीवाले सांगतात. टेक्सासचे बेलर विद्यापीठ 1909 चा आणि इलिनॉय विद्यापीठ 1910 चा दाखला देते. पहिला मान कोणाचाही असो, कॉलेजांची ही प्रथा पुढे हायस्कुलांनी उचलली आणि आता ती गावोगावी आहे.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. आपल्याकडे शाळेचे स्नेहसंमेलन असते, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असतो. कोकणातल्या आपल्या गावांत मे महिन्यात आणि ईदेला मुंबईहून, कुवेतहून, दुबईहून माणसे येतात आणि शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून "इथे आमचा वर्ग होता" असे मुलांना दाखवतात. फरक एवढाच की तिकडे हे सगळे एका आठवड्यात बांधलेले असते आणि मध्यभागी एक मॅच असते. मॅच अमेरिकन फुटबॉलची. नाव फुटबॉल असले तरी त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्याला अंगावर घेऊन अडवायचे असते.

पत्रातला आठवडा असा होता. सोमवार ते गुरुवार रोज वेगळा पोशाख: एक दिवस दोन मैत्रिणींनी जुळ्या बहिणींसारखे सारखे कपडे घालायचे, एक दिवस जुन्या जमान्यातले, एक दिवस आपापल्या इयत्तेच्या रंगाचे. शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळी शाळा जिममध्ये जमून संघाचा जोश वाढवणार. संध्याकाळी प्रत्येक इयत्तेने सजवलेल्या गाड्यांची आणि शाळेच्या बँडची मिरवणूक, सात वाजता मॅच. मॅचच्या मध्यंतरात मुलांनी मते देऊन निवडलेले होमकमिंगचे 'राजा' आणि 'राणी' जाहीर होणार. शनिवारी रात्री जिममध्ये नृत्य. त्याखाली नियम: तिकीट आधी घ्यावे, बाहेरच्या शाळेचा पाहुणा आणायचा तर फॉर्म भरावा, एकदा बाहेर पडल्यावर परत आत येता येणार नाही, दारू किंवा अमली पदार्थ आढळल्यास पालकांना बोलावले जाईल.

रविवारी इथे इशाची नमाज झाली तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा वाजले होते. आम्ही फोन लावला आणि म्हटले, चौघेही बसा, पत्र समोर ठेवा. कुरआनच्या 42 व्या सूरहचे नावच 'शूरा' आहे, म्हणजे सल्लामसलत. घरातल्या गोष्टी मशवऱ्याने ठरवाव्यात हे आपण नेहमी सांगतो. पण मशवऱ्यात मुलांचे तोंड उघडायची वेळ आली की आपण घड्याळाकडे पाहतो.

पहिल्यांदा मुलीचे अब्बा बोलले. ते नोकरीसाठी तिकडे गेले तेव्हा शिक्षण पूर्ण झालेले होते. तिथली शाळा त्यांनी आतून कधी पाहिली नव्हती. कामावरच्या लोकांच्या बोलण्यातून होमकमिंग म्हणजे मुलामुलींचे नाचगाणे, एवढेच त्यांच्या कानावर आले होते. मिरवणूक, मॅच, माजी विद्यार्थी, यातले काहीच त्यांना माहीत नव्हते. मग आम्ही पत्र ओळीने घेतले.

पोशाखाच्या दिवसांना हरकत नव्हती. मैत्रिणीसारखा कुर्ता आणि त्याच रंगाचा स्कार्फ, यात अडचण कसली? मिरवणुकीची गाडी ती गेले दोन आठवडे रंगवत होती आणि घरात कोणालाच ते माहीत नव्हते. मॅचचा विषय निघाला तेव्हा आम्ही सहीह बुखारीतली ती रिवायत आठवून दिली: ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्या-ढालींचे खेळ करत होते आणि हुजूर (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना आपल्या आडोशाला उभे करून, मन भरेपर्यंत ते पाहू दिले. अम्मीबरोबर जावे, मगरिब आधी पढावी आणि मॅच बघावी, असे ठरले. तिथे ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणजे मॅचच्या आधी वेळ मिळतो.

शुक्रवारचा प्रश्न मुलाचा निघाला. जुम्यासाठी त्याला अब्बांच्या चिठ्ठीवर शाळेतून सुट्टी मिळते. त्या दिवशी जुमा करून परत येईपर्यंत जिममधला कार्यक्रम संपणार होता. तो म्हणाला, "चालेल, माझं मॅचला भागेल." एवढ्यावर ते सुटले.

राहिले शनिवारचे नृत्य. मुलगी म्हणाली, "खाला, मला कोणाबरोबर नाचायचं नाहीये. आम्ही पाचजणी एकत्र जाणार, एकत्र परत येणार. सोमवारी सगळ्या त्याचंच बोलतील आणि मी ऐकत बसेन."

हे ऐकून गप्प बसावे लागते. वर्गात मुलींना शिकवताना आम्ही रोज पाहतो, पंधराव्या वर्षी मैत्रिणींच्या बोलण्यातून गळणे केवढे मोठे असते. तरी आम्ही तिला स्पष्टच सांगितले की अंधारात, मोठ्या संगीतावर, मुलेमुली एकत्र नाचतात त्या जागी जाणे आपल्या दीनमध्ये बसत नाही आणि तू चांगली आहेस म्हणून ती जागा बदलत नाही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "ठीक आहे. पण भाईजान दोन वर्षांपूर्वी गेला होता. तेव्हा तोही दहावीतच होता. त्याच्या वेळी कोणी पत्र वाचलं नाही, फोन केला नाही."

फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मुलगा काहीतरी पुटपुटला, मी फक्त तासभर गेलो होतो वगैरे. त्याच्या अब्बांनी त्याला थांबवले आणि मुलीला म्हणाले, "बेटा, तुझं बरोबर आहे. जे तुला नाही, ते त्यालाही नाही." मुलाचे ते शेवटचे वर्ष होते, त्याने तिकीटही काढले होते. तो उठून गेला. बहीण नंतर सांगत होती, तिकिटाचे पैसे बुडाल्यापेक्षा त्याला जास्त लागले ते हे की धाकट्या बहिणीच्या एका वाक्याने निर्णय फिरला.

खरे तर तो निर्णय कुरआनने फार आधी दिलेला आहे. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी मोमीन पुरुषांना आहे, नंतर मोमीन स्त्रियांना. आपल्या घरांत मात्र हया शिकवायची ती मुलीला आणि मुलाला गाडीची किल्ली द्यायची, अशी वाटणी होऊन बसली आहे. मुली हे पाहतात. बोलत नाहीत, पण हिशेब ठेवतात. ज्या दिवशी त्यांना वाटते की ही बंदी अल्लाहची नसून आपण मुलगी असल्याची आहे, त्या दिवसापासून त्या दीनच्या गोष्टीही त्याच वहीत लिहू लागतात.

शनिवारी काय झाले तेही सांगतो. बहिणीने चारही मैत्रिणींना संध्याकाळी पाचला जेवायला बोलावले. त्यांच्यात एक गुजराती, एक कोरियन, दोन गोऱ्या. नवे कपडे घालून आल्या, अंगणात फोटो काढले, बिर्याणी खाल्ली, आमच्या भाचीच्या हातावरची मेंदी पाहून स्वतःच्याही हातावर काढून घेतली. सात वाजता एकीच्या आईची गाडी आली आणि चौघी गेल्या. ही दारात उभी राहिली. मग आत येऊन अम्मीबरोबर भांडी धुतली. तिचा चेहरा हसरा नव्हता, असे बहिणीने लिहिले. आम्हीही इथे तसेच लिहितो, कारण मशवरा झाला म्हणून दुःख होत नाही असे नाही. सोमवारी मात्र तिने शाळेत काय काय झाले ते आपणहून घरी सांगितले. आधीच्या आठवड्यात तेच दार बंद होते.

अमेरिकेतल्या आपल्या बांधवांनी हा प्रश्न ठिकठिकाणी आपापल्या रीतीने हाताळला आहे. मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न शहरात, जिथे फोर्ड मोटार कंपनीचे मुख्यालय आहे, फोर्डसन नावाचे हायस्कूल आहे. तिथली बहुतेक मुले अरब मुस्लिम घरांतली. 2010 मध्ये रमजान ऑगस्टात, ऐन फुटबॉलच्या सरावाच्या दिवसांत आला. रोजेदार मुलांनी उन्हात पाण्याविना धावू नये म्हणून सराव रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत ठेवला गेला. मुलांनी सहेरी करून घर गाठावे अशी ती वेळ. या संघावर 2011 मध्ये एक माहितीपटही निघाला. त्याच राज्यातल्या हॅमट्रॅमक गावात येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. तिथल्या हायस्कूलच्या मुलींनी 2012 मध्ये वर्षअखेरच्या 'प्रॉम' या समारंभाऐवजी फक्त मुलींचा समारंभ भरवला. पैसे त्यांनी स्वतः उभे केले, बिगरमुस्लिम मैत्रिणींनाही बोलावले. हॉलच्या आत गेल्यावर ज्या मुली रोज हिजाबमध्ये दिसत, त्यांनी निर्धास्तपणे केस मोकळे सोडले. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना 2015 पासून दोन्ही ईदची सुट्टी आहे. त्यासाठी पालकांना वर्षानुवर्षे मागणी लावून धरावी लागली.

यातले काहीच घरात बसून झाले नाही. कोणीतरी शाळेत गेले, पत्र वाचले, अर्ज दिला, पर्याय उभा केला.

आपल्याकडेही हे दिवस आलेच आहेत. स्नेहसंमेलनात डीजे आला, बारावीच्या निरोप समारंभाला हॉटेल आले, ज्युनियर कॉलेजात निरनिराळे 'डे' आले. दप्तरातून पाठवलेली चिठ्ठी किती घरांत वाचली जाते, हे आम्हा शिक्षकांना परत आलेल्या सह्यांवरून कळते. पुष्कळदा सही मुलाचीच असते. म्हणून आयांना आणि अब्बांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. शाळेचे पत्र पूर्ण वाचा आणि मुलांसोबत वाचा. सगळ्या कार्यक्रमाला एकदम 'नाही' म्हणू नका. आपली हरकत कशाला आहे, ते बोट ठेवून दाखवा. जो नियम मुलीला, तोच मुलाला. ज्याला नकार दिला, त्याच्या जागी मैत्रिणींना घरी बोलावता येते का ते पाहा आणि तिकिटे निघण्याआधी पाहा. शिवाय शाळेला देखरेखीसाठी पालक हवे असतात तेव्हा आपले नाव द्या. मैदानावर आई बसलेली असली की मुलीला मगरिबसाठी उठायला लाज वाटत नाही.

भाची आता तिच्या इयत्तेच्या समितीत आहे. यंदा जिममधला कार्यक्रम जुम्याच्या वेळेआधी घेता येईल का, असा अर्ज तिने आणि आणखी दोन मुलांनी दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. अर्ज लिहून दिला तो तिच्या भाईजानने, त्याच्या कॉलेजच्या वसतिगृहातून. अल्लाह या मुलांना समज देवो आणि आपल्याला त्यांचे ऐकून घेण्याचा सब्र देवो. आमीन.