सुखड

सुरतेस बिऱ्हाड केले त्या पहिल्याच आठवड्यात नानपुऱ्यातील आमच्या पारशी शेजारीणबाई सकाळी दारात थबकल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "तमे सुखड घसो छो के?" सुखडी म्हणजे गुळाची वडी, एवढेच गुजराती आम्हांस ठाऊक, घरात गोडाधोडाचे काहीच नाही म्हणून आई ओशाळली. मागाहून उलगडा झाला की गुजरातीत चंदनालाच सुखड म्हणतात. अग्यारीतील अग्नीस जी सुखड वाहतात, तिचाच वास त्यांना आमच्या देवघरातून आला होता.

वडिलांनी अत्तर कधी लावले नाही. कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला गेले असता आणलेल्या खोडाने ते रोज सहाणेवर गंध उगाळीत. आधी देवाला, मग वाटीच्या कडेला उरलेले स्वतःच्या कपाळी आणि कानाच्या पाळीला. कचेरीतून परतल्यावरही तो वास असे, पण त्यांच्याजवळ बसणारालाच तो कळे. चंदन मुळातच भिडस्त. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला गंध नाही. गाभ्यात तेल मुरायला वर्षांमागून वर्षे जावी लागतात. आणि हे झाड शेजारच्या झाडांच्या मुळांतून रस ओढून वाढते! सज्जनांना चंदनाची उपमा देणाऱ्या सुभाषितकारांस हे बहुधा ठाऊक नसावे. पहिल्या महायुद्धात हे लाकूड युरोपात जाईनासे झाले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली आपणच तेल काढावयास आरंभ केला.

वडील गेले तेव्हा खोड अंगठ्याएवढे उरले होते. ते संपू नये म्हणून मी देवाला नुसते कुंकू लावू लागलो आणि स्वतःसाठी चंदनाचे अत्तर आणले. पहिली कुपी फसवी निघाली. लावताच नाकाला झोंबली आणि तासाभरात उडून गेली. दुसरी खरी होती. मनगटावरचा थेंब प्रथम जवळजवळ जाणवेचना. दुपारी, लिहिता लिहिता हात चेहऱ्याजवळ गेला, तेव्हा ओल्या लाकडाचा, किंचित दुधाळ असा तो परिमळ आला. संध्याकाळी मुलगी कुशीत शिरली आणि म्हणाली, "आजोबांचा वास!"

त्या आनंदात मी आठ दिवस होतो. नवव्या दिवशी पत्नी देव्हाऱ्यापुढची समई पुसता पुसता सहज म्हणाली, "अहो, देवाला कोरडे ठेवून चंदन तेवढे तुम्ही लावता, होय?"

मला उत्तर सुचले नाही. वडिलांचे म्हणून जे मी जपत होतो, ते त्यांनी कधी जपले नव्हते. रोज झिजवले होते.

दुसऱ्या दिवशी स्नान करून मी सहाण धुतली, दोन थेंब पाणी घातले आणि खोड फिरवू लागलो. ते इतके आखूड झाले होते की बोटांची टोके दगडाला लागत होती.