पंख नसलेले देवदूत

हातात तलवार, अंगावर चिलखत आणि पायाखाली सैतान अशी संत मिखाएलाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. सतराव्या शतकात ग्विदो रेनी या चित्रकाराने रोमच्या कापुचिन चर्चसाठी रंगविलेल्या चित्राचीच ती बहुधा दूरची नक्कल असते. मात्र बजाजनगरातल्या आमच्या मुलांना हा योद्धा देवदूत आता तसबिरीपेक्षा चित्रपटांतच अधिक भेटतो. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर तो पिस्तूल झाडतो, भिंती फोडतो, शत्रूला लोळवतो. मग धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न येतो, ‘मिखाएल जास्त ताकदवान की गब्रिएल?’ मुलांना हसून गप्प करणे सोपे आहे, पण या प्रश्नाचा विचार करणे अधिक हिताचे, असे आम्हांस वाटते.

या प्रकारातला एक चित्रपट ‘गॅब्रिएल’ 2007 साली ऑस्ट्रेलियात निघाला. शेन अ‍ॅबेस या दिग्दर्शकाची ती पहिलीच मोठी कृती, तर नायक अँडी व्हिटफील्ड हा तोवर फारसा कोणास ठाऊक नसलेला नट. खर्च अवघा दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास झाल्याचे सांगतात. व्यावसायिक चित्रपटांच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे चिल्लरच. एवढ्या पैशांत स्वर्गाचे वैभव कोठून उभे करणार? म्हणून यातले देवदूत मानवदेह धारण करून एका काळोख्या नगरीत उतरतात. ते माणसांसारखे कपडे घालतात, माणसांसारखेच जखमी होतात.

गंमत अशी, की गरिबीने घडविलेला हा देवदूत एका बाबतीत पवित्र शास्त्राला जवळचा आहे. यशयाने पाहिलेल्या सेराफीमांना सहा पंख आहेत, हे खरे. पण आब्राहामाच्या तंबूपाशी आलेले तिघे साध्या वाटसरूंसारखे होते. तोबीतच्या पुस्तकातला राफाएल तरुण सोबत्याच्या रूपाने तोबियाबरोबर प्रवासाला निघतो आणि तो कोण आहे हे शेवटपर्यंत कोणी ओळखत नाही. एलिया रानात मरण मागत पडला असता देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले. देव आपला दूत बहुधा ओळखू न येणाऱ्या वेषात पाठवतो. आपण मात्र सोनेरी पंख शोधत बसतो.

येथवर आमची तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. ‘गॅब्रिएल’मधली काळोखी नगरी म्हणजे शुद्धिस्थान, देवदूत आणि पतित दूत तिच्या ताब्यासाठी लढतात. ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. देवाच्या कृपेत मरण पावलेल्यांची तेथे अंतिम शुद्धी होते. ती कोणी जिंकावी अशी रणभूमी नव्हे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चित्रपटाला ठोसा मारण्यासाठी शत्रूचा चेहरा लागतो. शास्त्रातला मिखाएल प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात अजगराशी लढतो खरा. परंतु यहूदाच्या छोट्याशा पत्रात तोच मिखाएल सैतानाशी वाद घालताना त्याच्यावर शिव्याशापांचा ठपका ठेवण्यासही धजत नाही. न्यायनिवाडा तो प्रभूवर सोपवतो. ‘देवासारखा कोण?’ हा त्याच्या नावाचा अर्थच त्याचे शस्त्र आहे. आणि आपले झुंज रक्तमांसाच्या माणसांशी नाही, हे संत पौलाने एफेसकरांना बजावले आहे.

बजाजनगर ही वाळूज औद्योगिक परिसरातली कामगारांची वसाहत. मराठवाड्याच्या नाना गावांतून, नाना जातिधर्मांची कुटुंबे येथे एकाच जिन्याने चढउतार करतात. पापाला नेहमी परक्या माणसाचा चेहरा असतो, असे ज्या मुलाच्या मनावर ठसेल, ते उद्या तो चेहरा शेजारच्या दारात शोधील. आमची भीती ती आहे.

मग साहसपट दाखवूच नयेत काय? तसे आम्ही म्हणणार नाही. कमी खर्चाच्या साहसपटाचे एक निराळे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, यंत्रमागांच्या मालेगावात आहे. तेथील शेख नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. फैजा अहमद खान यांनी 2008 च्या माहितीपटात त्याच्या निर्मितीची कथा टिपली. नायक शफीक हा यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडीसारखा तरुण. हिरव्या कापडाच्या युक्तीने त्याला आकाशात उडविले. हा सुपरमॅन लढला कोणाशी? गावातल्या घाणीशी आणि तंबाखूच्या व्यसनाशी. शत्रू शेजारी नव्हता, तो गावाच्याच खिशात होता.

पुढची हकिकत मन हेलावणारी आहे. शफीक कर्करोगाने गेला. ऑस्ट्रेलियाच्या गॅब्रिएलचेही तसेच झाले. अँडी व्हिटफील्ड 2011 साली, अवघ्या 39 व्या वर्षी कर्करोगानेच मरण पावला. पडद्यावरचे बळ देहाला पुरत नाही. येथे मिखाएलाचे दुसरे, चित्रपटांना न सुचलेले काम आठवते. मृतांसाठीच्या जुन्या लॅटिन मिस्सेत, मृतांच्या आत्म्यांना पवित्र प्रकाशाकडे नेणारा ध्वजधारी म्हणून त्याचे नाव घेतले जाई. तलवार चालविणारा हात मरणाऱ्याचा हातही धरतो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. वर्षानुवर्षांच्या गुटख्याने त्यांचे तोंड आता दोन बोटेसुद्धा उघडत नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारताना धर्मगुरू होस्तियाचा लहानसा तुकडा करून त्यांच्या ओठांत ठेवतात, आणि मागे रांगेत उभी असलेली त्यांची पत्नी खाली पाहते. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी मिळायची थांबलेली नाही. अजगर पाहायचा असेल त्याने तो येथे पाहावा.

29 सप्टेंबरला मिखाएल, गब्रिएल आणि राफाएल यांचा सण येतो. यंदा आपल्या धर्मग्रामातील मुलांच्या हाती मोबाइल देऊन दहा मिनिटांचा चित्रपट करवून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. देवदूताला पंख नसले तरी चालतील. तो तिसऱ्या पाळीहून परतणाऱ्या बापासोबत चार पावले चालेल, पानटपरीपाशी त्याचा हात धरील आणि त्याला घरी आणून सोडील. कोण जास्त ताकदवान, हा प्रश्न मुलांनी त्यानंतर पुन्हा विचारावा.