अशोक कोणता, आसुपालव कोणता?

आमच्या वस्तीतल्या एका वहिनींना पाळीत फार रक्त जायचे. कुणीतरी सांगितले, अशोकाची साल उकळून प्या. विहाराजवळ दोन उंच, सरळसोट झाडे आहेत. सगळे त्यांना अशोकच म्हणतात. वहिनींनी त्यांचीच साल काढली अन् महिनाभर काढा घेतला. गुण कुठला येणार! आम्ही त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले, तेव्हा रक्त फार कमी निघाले. औषध सुरू झाले, आता बरे आहे.

ती झाडे अशोकाची नव्हतीच. आपल्या वर्धा जिल्ह्यात शाळा-कचेऱ्यांच्या कुंपणाला दिसते ते हे झाड आसुपालव, सीताफळाच्या कुळातले. वैद्य ज्याची साल वापरतात तो सीताअशोक चिंचेचा नातलग. नुसत्या सालीवरून आपल्यासारख्याला काही कळत नाही. बाजारातल्या सालीतही आसुपालवाची भेसळ सापडते. म्हणून झाड ओळखायचे ते पान, फूल अन् फळ पाहून.

आधी पान म्हणजे नेमके काय, ते पाहावे. देठ फांदीला जोडतो तिथे बगलेत बारीक डोळा असतो. ज्याच्या बुडाशी डोळा, ते पूर्ण पान. आसुपालवाच्या प्रत्येक सुट्या पानाशी डोळा मिळतो. पान लांबट, कडा लाटांसारख्या. सीताअशोकाच्या एकाच देठावर समोरासमोर चार-पाच जोड्या असतात, पण डोळा मूळ देठापाशी एकच. म्हणजे ते सगळे मिळून एक पान! त्या जोड्यांना पुस्तकात पर्णिका म्हणतात. आसुपालवाची फुले हिरवट, पानांत लपलेली. फळे काळपट, घोसाने येणारी. सीताअशोकाला नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ, तेही थेट जुन्या फांदीवर, आणि नंतर चपट्या शेंगा.

पिंपळाचे सांगायला नको. पानाची लांब शेपटी पाहून बोधिवृक्ष आपली लहान मुलेही ओळखतात.

कडुनिंब आणि बकाण निंब यांच्यात मात्र आयाबायांनी लक्ष घालावे. कडुनिंबाच्या देठावर पर्णिकांची सरळ रांग असते. बकाणाच्या देठाला आधी उपदेठ फुटतात, मग त्यांवर पर्णिका. कडुनिंबाची पिकली निंबोळी पोरे चोखतात, त्याचे काही नाही. बकाणाची पिवळी गोल फळे विषारी असतात. पाने गळाली तरी ती फळे झाडावर लटकून राहतात, अन् पोरांना खेळायला तीच आवडतात.